ऑनलाइन गेमिंगची खबरबात ठेवायची कशी? एका फौजीच्या सात सवयी



भिलाईजवळच्या हथखोजहून मी बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. साठी ओलांडलेल्या, पेन्शन खाणाऱ्या माणसाला ऑनलाइन गेमशी काय देणंघेणं? नातवंडांनी खेळावं, आजोबांनी ओरडावं, इतकंच आपलं काम, असं पुष्कळांना वाटतं. पण व्हिडिओखाली आलेल्या प्रश्नांत हाच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला होता: "मुलगा दिवसभर फोनवर काय खेळतो ते आम्हाला कळत नाही. कळून घ्यायचं कसं?" नागपूर, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा सगळीकडून आलेला हा एकच प्रश्न आहे. म्हणून आज त्याचं सविस्तर उत्तर देतो. बोलताना जे घाईत राहून गेलं, तेही या पुस्तकात घातलं आहे.

आधी हे का करायचं

हथखोज म्हणजे भिलाईचा भारी उद्योगांचा पट्टा. कारखाने, गोदामं, रात्रंदिवस चालणारे ट्रक. भिलाईला लोक 'मिनी इंडिया' म्हणतात, कारण पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातली माणसं इथे येऊन वसली. त्यात आपली मराठी घरंही पुष्कळ. इथली पोरं शिफ्ट संपली की चहाच्या टपरीवर फोन काढून बसतात. चार जण एका रांगेत, चौघांच्या कानात इयरफोन. बघणाऱ्याला चौघेही सारखंच काहीतरी करताहेत असं वाटतं. पण एक बुद्धिबळ खेळत असतो, दुसरा बीजीएमआय, तिसरा नुसता दुसऱ्याचा खेळ बघत असतो आणि चौथा क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावत असतो. बाहेरून चारही चित्रं एकच दिसतात. आपल्या घरातलं पोर या चौघांपैकी कोणतं, हे ओळखता येणं, यासाठी ही सगळी खटपट.

भिलाईकरांना हे वेगळं सांगायला नको. 'महादेव बुक' हे सट्ट्याचं ॲप देशभर गाजलं. त्यातले मुख्य आरोपी म्हणून ज्यांची नावं तपास यंत्रणांनी घेतली, ते सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल दोघेही भिलाईचेच. सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकरणात ४१७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केल्याचं किंवा गोठवल्याचं जाहीर केलं. ईडीच्या म्हणण्यानुसार मुख्यालय संयुक्त अरब अमिरातीत होतं आणि गावोगावी 'पॅनल' किंवा 'ब्रँच' वाटून नफ्याची ७०-३० अशी विभागणी होत होती. पैसा बेनामी बँक खात्यांतून फिरवला जात होता. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने महादेवसह २२ बेकायदा सट्टा ॲप आणि संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश काढले. खटला न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला त्यातून एवढंच दाखवायचं आहे की असं पॅनल चालवायला पोरं लागतात, खाती लागतात, सिमकार्डं लागतात. ती आपल्यासारख्याच घरांतून मिळवली जातात. 'गेमिंगचं काम आहे' असं सांगून कुणी पोराचं बँक खातं भाड्याने मागितलं, तर घरातल्या एका तरी माणसाला त्याचा अर्थ कळला पाहिजे.

सवय पहिली: प्रश्न आधी ठरवा

लष्करात माहिती गोळा करण्याआधी एक गोष्ट विचारतात: नेमकं काय जाणून घ्यायचं आहे? ते ठरलं नसेल तर माणूस दिवसभर दुर्बिणीतून बघत बसतो आणि संध्याकाळी सांगण्यासारखं काहीच नसतं. गेमिंगचं जग तर अफाट आहे. दर आठवड्याला नवा गेम, नवी स्पर्धा, नवा वाद. सगळं कळून घ्यायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीनच प्रश्न आहेत. घरातलं पोर काय खेळतंय? त्यात पैसा कुठून कुठे जातो? खेळताना ते कुणाशी बोलतं? ज्या बातमीने या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही, ती मी सोडून देतो. कोणत्या यूट्यूबरचं कुणाशी भांडण झालं, हे मला कळलं नाही तरी चालतं.

सवय दुसरी: वेळ बांधून घ्या

रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटं. रविवारी एक तास. घड्याळ लावून. रात्री नाही. रात्री बसलं की एका व्हिडिओतून दुसरा निघतो आणि मग पोराला कोणत्या तोंडाने सांगणार, की फोन ठेव म्हणून?

वीस मिनिटांत दोन कामं होतात. घरात जे गेम खेळले जातात त्यांत काही बदललं का, हे पाहणं. आणि कायदा, बंदी, फसवणूक यांबद्दल काही आलं का, ते पाहणं. रविवारच्या तासात एखादी स्पर्धा किंवा पूर्ण सामना पाहायचा. आठवड्यातून एक दिवस काहीच पाहायचं नाही. काही बुडत नाही, अनुभवाने सांगतो.

सवय तिसरी: बातमीला दर्जा द्या

ही सवय सगळ्यांत उपयोगाची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात एक पद्धत रुजली, पुढे ती अनेक देशांच्या सैन्यांनी घेतली. आलेल्या प्रत्येक खबरीला दोन दर्जे द्यायचे. एक सांगणाऱ्याला, ए पासून एफ पर्यंत. दुसरा खबरीला, १ पासून ६ पर्यंत. ए म्हणजे पूर्ण विश्वासाचा माणूस, ई म्हणजे अजिबात विश्वास नको, एफ म्हणजे माणूस कसा आहे ते ठरवताच येत नाही. तसंच १ म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून दुजोरा मिळालेली खबर, ५ म्हणजे खरी असणं अवघड, ६ म्हणजे सांगता येत नाही. यातली खरी गोम अशी की दोन दर्जे वेगवेगळे द्यायचे. चांगला माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि लबाड माणसाच्या तोंडूनही कधी खरी खबर येते.

आता ही पद्धत गेमवर लावून बघा. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲपसोबत बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीवरचा बीजीएमआय भारतात सुरू झाला. २८ जुलै २०२२ रोजी तो ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या दहा महिन्यांत 'पुढच्या आठवड्यात परत येतोय' असे कितीतरी व्हिडिओ निघाले. सांगणारा ओळखीचा, लाखो लोक त्याला बघतात, म्हणून त्याला बी दिला तरी खबर मात्र ५. कंपनीचं निवेदन नाही, सरकारचा आदेश नाही, दुजोरा कुठून येणार? अशा अफवांच्या काळातच 'इथून डाउनलोड करा' असे दुवे फिरतात आणि फोनमध्ये नको ते शिरतं.

माझा क्रम असा: आधी गेमच्या आतली सूचना आणि कंपनीचं अधिकृत पान. मग सरकारी आदेश असेल तर पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन. मग वर्तमानपत्र. यूट्यूबर सगळ्यांत शेवटी, तेही अर्थ समजून घेण्यापुरते.

सवय चौथी: वही ठेवा, शब्द शिका

माझी वही शंभर पानी, साधी. तारीख, खबर, कुणी सांगितली, दर्जा. चार रकाने. पंधरा दिवसांनी मागे जाऊन बघायचं की कोणती खरी निघाली. दोन-तीन महिन्यांत कुणाचं ऐकावं आणि कुणाचं नाही, ते वहीच सांगते.

वहीच्या मागच्या पानांवर शब्द लिहायचे. 'पॅच' म्हणजे गेममध्ये कंपनीने केलेली दुरुस्ती. 'नर्फ' म्हणजे एखादं शस्त्र किंवा पात्र कमजोर करणं, 'बफ' म्हणजे त्याला बळ देणं. 'मेटा' म्हणजे सध्या कोणत्या डावपेचाने जास्त जिंकता येतं ते. 'सीझन' म्हणजे ठरावीक काळाची फेरी. ती संपली की रँक खाली येते आणि चढाई पुन्हा सुरू होते. म्हणून सीझनच्या शेवटच्या दिवसांत पोरं जास्त वेळ खेळतात. हे ठाऊक असलं तर परीक्षा आणि सीझनचा शेवट एकत्र येतोय का, ते आधीच पाहता येतं. 'पिंग' म्हणजे आपल्या फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला. पिंग वाढला की गोळी झाडली तरी उशिरा लागते आणि पोरगं वाय-फायवर चिडतं.

सवय पाचवी: स्वतः जाऊन जमीन बघा

नकाशा कितीही चांगला असो, रेकी केल्याशिवाय अधिकारी हल्ल्याची योजना आखत नाही. इथेही तेच. एक पूर्ण सामना पोराच्या शेजारी बसून बघा. तोंड बंद ठेवून.

मग काही गोष्टी आपोआप कळतील. बीजीएमआयच्या नेहमीच्या सामन्यात शंभरपर्यंत खेळाडू उतरतात, चार-चारच्या तुकड्या असतात आणि शेवटपर्यंत टिकलं तर सामना जवळपास अर्धा तास चालतो. मध्ये थांबवायची सोय नाही. एकाने सोडलं की बाकीचे तिघे अडचणीत येतात. आता स्वयंपाकघरातून हाक येते, "ताबडतोब जेवायला ये!" पोर उठत नाही. आईला वाटतं, आपल्याला किंमत देत नाही. पोराला वाटतं, मी साथीदारांना सोडून पळू कसा? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. यावर उपाय सोपा आहे. सामना सुरू व्हायच्या आधी विचारा, "हा शेवटचा ना? मग पान वाढते." किंवा मध्येच हाक मारायची असेल तर, "किती मिनिटं राहिली?" असं विचारा. वाय-फाय बंद करून जे होत नाही, ते या एका प्रश्नाने होतं.

गोळीबाराचे गेम बघवत नसतील तर बुद्धिबळापासून सुरुवात करा. तेही ऑनलाइन गेमिंगच आहे, आणि आपल्या पिढीला अवघड नाही. हथखोजहून रेल्वेने चार-पाच तासांवरच्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. त्याच उन्हाळ्यात रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकातही बुद्धिबळ होतं, मॅग्नस कार्लसन ते जिंकला. आपल्या मराठी मुलुखात गेम बनतातही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये. पोराला फक्त "बंद कर" म्हणण्याऐवजी "हे बनवतात कसं, ते शिकायचंय का?" असंही विचारता येतं.

खेळ म्हणजे पोरखेळ, असं आम्हा फौजी लोकांना तरी म्हणता येणार नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावरचा युद्धखेळ खेळवून शिकवत असत. आम्हीही वाळूच्या नकाशावर तासन्‌तास लढाया लढलो आहोत.

सवय सहावी: खेळ आणि जुगार वेगळे ओळखा

आपल्या पिढीने आकडा पाहिला आहे. कापसाच्या भावावर सुरू झालेला मटका घरं कशी खाऊन गेला, हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना सांगायला नको. कौशल्य आणि नशीब यांचा वादही जुनाच. बक्षिसाच्या शब्दकोड्यांवरून मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये त्याचा निकाल लागला. जिंकणं मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असेल तर तो जुगार नव्हे, हे सूत्र पुढची अनेक वर्षं वापरलं गेलं. पैसे लावून खेळायचे कित्येक ॲप याच सूत्राच्या आडोशाने वाढले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने तीन खाने पाडले आहेत: ई-स्पोर्ट्स, सामाजिक म्हणजे करमणुकीचे गेम, आणि पैशाचे गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्यावर बंदी. पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावायचे असतील तर तो पैशाचा गेम, मग त्यात कौशल्य असो की नशीब. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अडकलेलं पोर पोलिसांच्या भीतीने घरी बोलत नाही. पॅनल चालवणं किंवा त्यासाठी खातं देणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे गुन्हा लागू शकतो. आमच्या छत्तीसगडचा जुगारबंदीचा २०२२ चा कायदाही ऑनलाइन जुगाराला लागू आहे, तोही ध्यानात ठेवा.

घरच्या घरी तीन प्रश्नांची चाचणी करा. पैसे टाकावे लागतात का? जिंकल्यावर पैसे बाहेर काढता येतात का? ॲप अधिकृत स्टोअरमधून आलं की कुणी व्हॉट्सॲपवर आयडी-पासवर्ड देऊन पाठवलं? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि तिसऱ्याला 'व्हॉट्सॲपवरून' असं उत्तर असेल, तर समजा की समोर सट्टा आहे.

याच्या अधेमधे एक चिखलाची जागा आहे. गेममध्ये बंद पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आपल्या कायद्याच्या तिसऱ्या खान्यात ती सरळ बसत नाही. पण बेल्जियमने २०१८ मध्येच काही गेममधल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. पोराला महिन्याचा आकडा ठरवून द्या आणि यूपीआयचा पिन स्वतःकडे ठेवा.

सवय सातवी: बोलण्याची शिस्त

'वॉर थंडर' नावाचा रणगाडे-विमानांचा गेम आहे. गेममधला ब्रिटिश चॅलेंजर-२ रणगाडा खऱ्यासारखा नाही, हे सिद्ध करायला २०२१ मध्ये एका खेळाडूने चर्चेत थेट लष्करी माहितीपुस्तिकेतला गोपनीय भागच टाकला. पुढे फ्रेंच आणि चिनी रणगाड्यांबाबतही तसंच घडलं. अमेरिकेत हवाई दलाच्या नॅशनल गार्डमधल्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने गेम खेळणाऱ्या मित्रांच्या डिस्कॉर्ड गटात गुप्त कागद टाकले. एप्रिल २०२३ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी १५ वर्षांची शिक्षा. या घटनांत पैशाची लालूच नव्हती. चर्चेत आपलं खरं करायचं होतं, मित्रांत भाव खायचा होता. आपल्या लष्करानेही जुलै २०२० मध्ये जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, त्यात पबजी होता.

तुमच्या-माझ्याकडे रणगाड्याची गुपितं नसतील, पण घराचा पत्ता, शाळेचं नाव, वडिलांची पोस्टिंग, ओटीपी हे आहेच. खेळताना आवाजावर बोलणारा 'भाई' कोण, कुठला, ते कुणालाच ठाऊक नसतं. घरात नियम एकच ठेवा: खेळाबद्दल हवं तितकं बोला, नाव, गाव, फोटो, पैसा यांबद्दल नाही. आणि तो आपणही पाळायचा.

कधी काळजी करायची

जास्त खेळणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ते जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याच्या तीन खुणा: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे सहसा वर्षभर दिसलं तर निदान होतं. निदान डॉक्टर करतील, आपण नाही. आपण झोप, जेवण, अभ्यास किंवा काम, आणि मित्र, या चार गोष्टींवर नजर ठेवायची. त्यांतल्या दोन ढासळल्या तर मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेली-मानस क्रमांक १४४१६ आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

या आठवड्याचं काम

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा. रविवारी पोराच्या शेजारी बसून एक सामना पूर्ण बघा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: "तू असं का केलंस, ते मला समजावून सांग." सल्ला देऊ नका. पोर जितका वेळ बोलेल तितका वेळ ऐका. ज्याला आपला खेळ समजावून सांगण्याची सवय लागली, ते पोर उद्या कुणी खातं भाड्याने मागितलं तरी तुमच्यापाशी येऊन बोलण्याची शक्यता जास्त.

वहीत काय लिहिलंत, ते व्हिडिओखाली जरूर कळवा. पुढच्या भागात फोनवरच्या नोकरीच्या खोट्या जाहिरातींविषयी बोलू. तोपर्यंत, जय हिंद.